रोशाचे तेल
पाऊस ओसरून आभाळ निवळू लागले, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या उघड्या उतारांवर पुरुषभर उंचीचे एक गवत तुऱ्यावर येते. हे तुरे पिकत जातात तसा त्यांवर तांबूस रंग चढतो, आणि एखादे पाते बोटांत चुरगाळले तर गुलाबाची आठवण करून देणारा, पण त्याहून तिखट व रानवट असा गंध कितीतरी वेळ हाताला राहतो. खानदेशात याला रोशा म्हणतात, कोठे तिखाडी म्हणतात. संस्कृत निघंटूंतील रोहिष ते हेच, असे सामान्यतः मानतात. आपल्या मुलखात जन्मलेल्या या तृणाच्या तेलाला परमुलखात मात्र प्रायः दुसऱ्याच्या नावाने वावरावे लागले, ही गोष्ट मला त्याच्या गंधाइतकीच विसरता येत नाही.

शास्त्रीय नावातही परकी माणसे आहेत. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईच्या काळात लखनौचे जनरल क्लॉड मार्टिन यांनी बालाघाटाच्या प्रदेशातून या गवताचे बी गोळा करून लखनौस पेरले. ते पुढे वनस्पतिज्ञ रॉक्सबर्ग यांच्याकडे पोहोचले आणि त्यांनी या तृणाला मार्टिन यांचे नाव दिले. आजच्या ग्रंथांतून ते सिम्बोपोगॉन मार्टिनी म्हणून आढळते. या वर्गातील सुगंधी गवतांचा जो विलक्षण घोटाळा झालेला होता, तो 1906 साली ऑटो स्टाप्फ यांनी पुष्कळ अंशी निस्तरला.

पिंपळनेर, तळोदे, अक्राणी, नंदुरबार या भागांत आणि तिकडे वऱ्हाडातील मेळघाटात या तेलाच्या भट्ट्या लागत. भट्टीची जागा ओढ्याकाठी, कारण थंड पाण्यावाचून हा धंदा चालत नाही. तांब्याचे अथवा लोखंडाचे मोठे भांडे चुलाण्यावर चढवावे, त्यात गवत दडपून पाणी घालावे, झाकणाच्या सांधी लिंपून त्यात वेळूची नळी बसवावी आणि नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडावे, एवढीच त्याची यंत्रसामग्री. वाफ निवाली की पाण्यावर फिकट पिवळे तेल तरंगते. शंभर किलो ताज्या गवतामागे ते अर्धा किलोच्या आसपास निघाले तरी भट्टीवाल्याला समाधान असते. जाळ भांड्याच्या बुडाला थेट लागत असल्यामुळे तळचे गवत करपले, तर तो करपट वास साऱ्या घाण्याच्या तेलात उतरतो. वेगळ्या बंबातील वाफ गवतातून सोडण्याची नवी रीत आली ती हा दोष टाळण्यासाठीच.

गवत कापावे केव्हा, हा या धंद्यातील खरा कसबाचा प्रश्न आहे. तेल मुख्यतः तुऱ्यांत आणि पानांत असते, दांड्यात जवळजवळ नाही. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिल अॅसिटेट नावाच्या द्रव्याचा अंश मोठा असतो; तुरा जून होऊ लागला की वनस्पतीच्या अंगचेच एक विकर त्या द्रव्याचे विघटन करून त्यापासून जिरॅनिऑल मोकळे करते, आणि तेलाची किंमत तर याच जिरॅनिऑलावर ठरते. उत्तम तेलात ते शेकडा 75 ते 85 पर्यंत भरते. उरलेल्या भागात जिरॅनिल अॅसिटेट, लिनॅलूल, ओसिमीन, कॅरिओफायलीन यांसारखी द्रव्ये थोडथोडी असतात. तुऱ्याच्या रंगावर नजर ठेवून विळा उचलणारा मजूर या रासायनिक घडामोडीचाच अंदाज घेत असतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच गवताचा एक जुळा भाऊ आहे. उंच, कोरड्या, उन्हाच्या उतारावर वाढते ते मोतिया, आणि सखल, दमट, दाट जागी माजते ते सोफिया. दिसण्यात दोघांत फरक करणे कठीण. परंतु सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल पुष्कळ कमी, पेरिलिल अल्कोहोल, लिमोनीन वगैरेंचे प्राबल्य, आणि भावही हलका. मोतियाच्या भाऱ्यात सोफियाच्या चार पेंढ्या मिसळल्या तरी तेलाला बट्टा लागतो.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रावरील बंदरांकडे आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलला रवाना होत असे. तुर्की व्यापारी त्याला इद्रिस यागी म्हणत. तेथे ते उन्हात ठेवून निवळ करीत आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. बल्गेरियातील गुलाबाच्या मुलखात तर ते भट्टीत घालण्यापूर्वीच फुलांवर शिंपडत, असे नमूद आहे. भेसळ खपली याचे कारण उघड आहे: गुलाबाच्या अत्तरातही जिरॅनिऑल हे एक प्रमुख द्रव्य आहे. इकडे दलालांनी रोशाच्या तेलातही रॉकेल व टर्पेंटाइन घालण्यास कमी केले नाही. शेकडा 70 च्या मद्यार्कात शुद्ध तेल सहज विरघळते, रॉकेल वेगळे राहते, आणि अशी लबाडी पकडली जाते.

1871 साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनज्ञाने भारतातून गेलेल्या या गवताच्या तेलातून एक अल्कोहोल प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. व्यापारात तेलाला 'जिरॅनियम' म्हणत, म्हणून त्याचे नाव जिरॅनिऑल पडले. ज्या तृणाने ते दिले त्याचा नावात मागमूस नाही. मला तरी हा अन्याय वाटतो. कार्बनचे दहा, हायड्रोजनचे अठरा आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेले हे द्रव्य निसर्गाने गुलाबापुरते राखलेले नाही. मधमाशी आपल्या सोबतिणींना घराचे दार दाखविण्यासाठी जो गंध सोडते, त्यातही ते आहे.

सांधे धरले असता हे तेल चोळण्याची चाल जुनी आहे. प्रयोगशाळेत त्याचे जंतू व बुरशी यांवरील सामर्थ्य वारंवार दिसून आले आहे: किण्वाच्या पेशींवर प्रयोग केला असता त्यांचे वेष्टन ढिले पडून आतील पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. सूक्ष्म कृमींना ते मारक ठरते, डासांना दूर ठेवते. तथापि काचेच्या नळीत जे घडते ते रोग्याच्या देहात घडेलच, अशी खातरी या प्रयोगांवरून देता येत नाही, आणि औषध म्हणून हे तेल पोटात घेण्याचा सल्ला त्यांच्या आधारे कोणी देऊ नये.

त्वचेच्या बाबतीतही जपावे लागते. जिरॅनिऑल काही माणसांच्या त्वचेला सोसत नाही, आणि युरोपातील नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनांत त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास वेष्टनावर त्याचा उल्लेख करावा लागतो. हवा लागून ते जसजसे जुने होते तसतसा हा उपद्रव वाढतो. म्हणून जाणते व्यापारी तेल काठोकाठ भरून, घट्ट बुचाखाली, अंधाऱ्या कोठीत ठेवतात.