वक्तशीर यंत्रांचे शास्त्र आणि त्याची विद्वत्सभा

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाताना दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव लागते, आणि गेल्या दोन दशकांत या गावाचे नाव महाराष्ट्राच्या कानी पडले ते प्रामुख्याने तेथे उभ्या राहिलेल्या कामगार-वसाहतींमुळे. २००६ साली विडी कामगार स्त्रियांच्या गोदूताई परुळेकर गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरे येथे वसली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरातील नियोजित तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या असंघटित कामगारांच्या हाती पडल्या. या घरांच्या उंबऱ्यावर बसून स्त्रिया आजही कात्रीने तेंदूचे पान कापतात आणि हाताने विडी वळतात. त्या कामात यंत्राचा शिरकाव झालेला नाही. तथापि त्याच घराच्या भिंतीवरील विजेचे मीटर, गावातील अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप किंवा त्याला श्वास पुरविणारे यंत्र, आणि सोलापूर शहराच्या पूर्व भागातील नव्या धाटणीचे माग, या सर्वांच्या पोटात एक लहानसा संगणक बसलेला असतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो, आणि आपण संगणक वापरीत आहोत याची जाणीवही वापरणाऱ्यास नसते. अशा अंतर्भूत संगणकास एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. आणि जेथे गणन व भौतिक जग यांची अशी गाठ पडलेली असते की एकाचा विचार दुसऱ्यावाचून करताच येत नाही, त्या व्यवस्थांस सायबर-फिजिकल सिस्टिम हे नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातील हेलन गिल यांनी २००६ च्या सुमारास रूढ केले.

या यंत्रांची कसोटी कचेरीतील संगणकाच्या कसोटीहून मूलतः निराळी आहे. पगारपत्रक तयार करणाऱ्या संगणकाने उत्तर दहा सेकंद उशिरा दिले, तर कारकुनाचा थोडा खोळंबा होतो, एवढेच. परंतु मागावरचा ताण्याचा एखादा धागा तुटला असता माग थांबविण्याचा हुकूम अर्धा सेकंद उशिरा सुटला, तर मिनिटास शंभराहून अधिक वेळा धोटा फिरत असलेल्या त्या मागावर सदोष कापडाची आणखी एक ओळ विणली गेलेली असते. येथे उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर होय. कापडाच्या जागी मनुष्यदेह असला म्हणजे या विधानाचे गांभीर्य किती वाढते, हे थेराक-२५ या किरणोपचार-यंत्राने जगास दाखविले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे या यंत्राकडून सहा रुग्णांना मर्यादेच्या कित्येक पट अधिक किरणमात्रा मिळाली, आणि त्यांतील काहींचा त्यामुळे मृत्यू ओढवला. त्यांपैकी काही अपघातांमागील एक कारण असे निघाले की, यंत्र चालविणाऱ्या अनुभवी व्यक्तीने पडद्यावरील नोंदीतील चूक झपाट्याने दुरुस्त केली, तर एकाच वेळी चालणाऱ्या दोन आज्ञावलींचा मेळ चुके आणि यंत्र एका अवस्थेत असताना आपण दुसऱ्याच अवस्थेत आहोत असे समजे. हाताचा वेग मंद असेपर्यंत हा दोष निद्रिस्त राहिला. सराव वाढला आणि तो जागा झाला.

असे दोष टाळण्याचे शास्त्र जेथे घडते ती जागा म्हणजे या विषयाच्या विद्वत्परिषदा. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक इत्यादी शास्त्रांत संशोधनाचा अंतिम दस्तऐवज नियतकालिकात प्रसिद्ध होतो, आणि परिषद ही बहुधा त्याची पूर्वसूचना असते. संगणकशास्त्रात मात्र, विषय झपाट्याने बदलत असल्यामुळे, परिषदेत स्वीकारला गेलेला निबंध हाच पुष्कळदा पक्का दस्तऐवज मानला जातो. वेळेच्या बंधनात चालणाऱ्या संगणकांचा विचार करणारी रिअल-टाइम सिस्टिम्स सिम्पोझियम ही परिषद १९८० पासून भरते. अंतर्भूत संगणकांच्या आज्ञावलींस वाहिलेली एम्सॉफ्ट ही परिषद २००१ साली सुरू झाली. पुढे २००५ पासून ती आणि तिच्या दोन भगिनी-परिषदा मिळून एम्बेडेड सिस्टिम्स वीक नावाचा एकच सप्ताह साजरा होऊ लागला, आणि २०१४ च्या ऑक्टोबरात तो सप्ताह नवी दिल्लीत भरला.

परिषद म्हणजे हारतुरे, दीपप्रज्वलन आणि भोजन अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी या सभांची रीत थोड्या तपशिलाने पाहण्याजोगी आहे. ठरलेल्या तारखेस, ठरलेल्या पृष्ठमर्यादेत निबंध दाखल करावा लागतो. त्यावर पुष्कळदा लेखकाचे वा संस्थेचे नाव नसते, जेणेकरून प्रख्यात विद्यापीठाचा आचार्य आणि आडगावचा विद्यार्थी हे परीक्षकाच्या नजरेसमोर समान पायरीवर उभे राहावेत. तीन किंवा अधिक परीक्षक तो निबंध स्वतंत्रपणे वाचतात आणि आपले आक्षेप लेखी नोंदवितात. कित्येक परिषदांत लेखकास त्या आक्षेपांवर आपली कैफियत मांडण्याची संधी मिळते, आणि अखेर चारपाच निबंधांतून एखादाच स्वीकारला जातो. अलीकडे याहून पुढचे पाऊल पडले आहे. लेखकाने आपली आज्ञावली आणि मापनाची सामग्री स्वेच्छेने परिषदेकडे सोपवावी, आणि परिषदेने नेमलेल्या दुसऱ्याच मंडळींनी ती चालवून निबंधातील निष्कर्षांची रुजवात घालावी, अशी प्रथा पडत चालली आहे. शास्त्राच्या इतिहासात मला ही घटना फार मोलाची वाटते, कारण लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची जागा येथे प्रत्यक्ष पडताळ्याने घेतली आहे.

परंतु परिषदेचा खरा प्राण या दप्तरी व्यवहारात नाही. तो निबंध वाचून झाल्यावर होणाऱ्या प्रश्नोत्तरांत आहे, आणि कागदावर सिद्धान्त मांडणारे व कारखान्यात यंत्र घडविणारे एका छताखाली येतात त्यात आहे. याचे माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण १९९७ सालचे आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

१९७३ साली सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड या दोघांनी एक निबंध लिहिला. एकाच संगणकावर अनेक कामे ठराविक कालांतराने पुनःपुन्हा करावयाची असतील, तर जे काम अधिक वारंवार येते त्यास वरचा अग्रक्रम द्यावा. असे केल्यास, आणि सर्व कामांचा मिळून भार संगणकाच्या शक्तीच्या सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असल्यास, कोणतेही काम आपली मुदत कधीही चुकविणार नाही, हे त्यांनी काही निश्चित गृहीतांखाली गणिताने सिद्ध केले. या सिद्धान्तापूर्वी यंत्र वेळेवर चालेल की नाही हे बहुधा चालवून पाहूनच कळे. त्यानंतर ते आधीच सांगता येऊ लागले. तथापि त्या गणितात कामे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरले होते, आणि व्यवहारात तशी ती क्वचितच असतात. समजा, जिल्हाधिकाऱ्यांस तातडीने हवा असलेला दस्तऐवज एका कनिष्ठ कारकुनाच्या कुलपात आहे, आणि त्या कारकुनास मधल्या दर्जाचे अव्वल कारकून आपापल्या कामास एकसारखे जुंपीत आहेत. अशा स्थितीत ज्यांचा या दस्तऐवजाशी काडीचाही संबंध नाही अशा मधल्या मंडळींमुळे जिल्हाधिकारीच खोळंबतात. संगणकातही नेमके हेच घडते. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की या तिघांनी १९९० साली यावरील उपायाचे सांगोपांग गणित प्रसिद्ध केले: कुलूप ज्याच्या हाती आहे त्यास, ते सोडीपर्यंत, वाट पाहणाऱ्या वरिष्ठाचाच अग्रक्रम तात्पुरता बहाल करावा.

४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले, आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. पृथ्वीवरील प्रतिकृतीवर अभियंत्यांनी तो प्रकार घडवून आणला तेव्हा उलगडले की, हवामानाच्या नोंदी घेणारे कनिष्ठ काम एक कुलूप धरून बसते, मधल्या दर्जाचे काम त्यास अडविते, आणि यानातील माहितीची वाहतूक सांभाळणारे अत्यंत महत्त्वाचे काम मुदत चुकविते. ते पाहून पहाऱ्यास ठेवलेली यंत्रणा संपूर्ण संगणकच नव्याने सुरू करते. उपाय यानाच्या आज्ञावलीत आधीपासूनच तयार होता, फक्त तो बंद ठेवलेला होता. पृथ्वीवरून हुकूम धाडून तो चालू करण्यात आला आणि यान सुरळीत झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे रिअल-टाइम सिस्टिम्स सिम्पोझियम भरली असता, ती आज्ञावली-प्रणाली बनविणाऱ्या विंड रिव्हर कंपनीचे डेव्हिड विल्नर यांनी आपल्या भाषणात ही सर्व हकिकत सभेस निवेदन केली आणि तिघा संशोधकांच्या त्या निबंधाचे ऋण मान्य केले; आणि ते तिघेही त्या वेळी सभागृहात उपस्थित होते. आपल्या सिद्धान्ताने परग्रहावरचे यंत्र वाचविले हे ज्यांना भर सभेत ऐकावयास मिळाले, त्यांचे भाग्य खचित थोर. परंतु त्याहून थोर मला ती सभा वाटते, जिच्यात एका कंपनीचा जबाबदार अधिकारी आपल्या प्रणालीशी निगडित दोष जगजाहीर सांगण्यास कचरला नाही.

हे सर्व दूरदेशीचे, आपल्याकडे त्याचे काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. वस्तुतः महाराष्ट्रास ही परंपरा अपरिचित नाही. वेळेच्या बंधनातील आणि बिघाड सोसणाऱ्या व्यवस्थांचा तर्कशास्त्राच्या कठोर पद्धतीने विचार करणारी एक परिषदमाला १९८८ साली इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठात सुरू झाली, आणि तिची सहावी सभा २० ते २२ सप्टेंबर २००० या दिवसांत पुण्यास भरली. या दोन्ही सभांच्या कार्यवृत्तांचे संपादन मथाई जोसेफ यांनी केले, जे दरम्यानच्या काळात वॉरिकहून पुण्यास येऊन टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्राचे प्रमुख झाले होते. व्हीएलएसआय (अतिघन चिपांची रचना) आणि एम्बेडेड सिस्टिम्स यांची भारतातील जोड-परिषद २०१३ व २०१८ साली पुण्यास आणि २०१४ साली मुंबईस भरली. पुढे ६ डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सायबर-फिजिकल व्यवस्थांसाठी ३,६६० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली, आणि त्याखालील पंचवीस केंद्रांपैकी मुंबईची आय.आय.टी. व पुण्याची आयसर येथे प्रत्येकी एक केंद्र आले. सोलापूरपासून पुणे रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. बौद्धिक अंतर मात्र त्या मानाने फार मोठे राहिले आहे, आणि त्याची कारणे शोधताना आपल्या महाविद्यालयीन व्यवस्थेकडे पाहावेच लागते.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुकीस व बढतीस गुणांकांची पद्धत लावली आणि त्या गुणांकांत परिषदेत निबंध वाचण्यास मोल दिले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की देशभर, तालुक्याच्या गावीसुद्धा, आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या परिषदा दरसाल भरू लागल्या. त्यांपैकी पुष्कळांत शुल्क भरले की निबंध स्वीकारला जातो, परीक्षकाचा आक्षेप हाती पडत नाही, आणि निबंध वाचून झाल्यावर प्रश्न विचारणारा कोणी नसतो. त्यात भाग घेणाऱ्या अध्यापकांस मी दोष देत नाही. बढतीची अट पुरी करणे त्यांना भाग असते. परंतु ज्या विद्यार्थ्याने एकदाही खऱ्या परीक्षकाचा कठोर अभिप्राय वाचलेला नाही, त्याला आपल्या कामातील उणीव कोठे आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो, आणि ज्या विषयात उणीव म्हणजे एखाद्याच्या प्राणाशी गाठ, त्या विषयात हे नुकसान मी क्षम्य मानीत नाही.

संशोधनाचा विषय शोधण्यासाठी सोलापूरकरांस परमुलखात जाण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात विजेचा दाब वरखाली होत असता औषधाच्या पंपातील संगणक पुन्हा सुरू होण्यास किती वेळ घेतो, आणि तेवढ्यात मात्रेची नोंद शाबूत राहते काय, हा प्रश्न कुंभारीसारख्या गावातील रुग्णालयात जितक्या निकडीने उभा राहतो तितका हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेत राहत नाही. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीवरून नक्षी वाचणारा जॅकार्ड माग सोलापुरी चादरीने घराघरांत पोहोचविला. त्या पुठ्ठ्यांची जागा विद्युत्-नियंत्रणाने घेताना जुन्या मागाच्या कंपनांत आणि कापसाच्या तंतूंच्या धुळीत नियंत्रकाची वेळ कशी टिकते, याचे प्रामाणिक मापन कोणी केले, तर कोणत्याही देशातील परीक्षक ते आस्थेने वाचील. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी १९८३ पासून चाललेली अभियांत्रिकी संस्था आणि २००४ साली स्थापन झालेले विद्यापीठ सोलापुरात आहेत. मनुष्यबळाचा अभाव हे कारण येथे सांगता येणार नाही.

पैशाची अडचण मात्र खरी आहे, कारण परदेशच्या परिषदेचे शुल्क आणि प्रवासखर्च साध्या घरच्या मुलामुलींच्या आवाक्याबाहेरचे असतात. परंतु वाचनास ती अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेखाली शासकीय उच्चशिक्षण-संस्थांस तीस प्रकाशकांची नियतकालिके खुली झाली आहेत, आणि ए.सी.एम. या संगणकशास्त्रीय संस्थेने १९५१ ते २००० या काळातील आपले सर्व निबंध २०२२ च्या एप्रिलपासून कोणासही विनामूल्य वाचावयास ठेवले आहेत, ज्यांत लिऊ आणि लेलँड यांचा १९७३ चा निबंधही आहे. सोलापुरातील अभियांत्रिकीच्या अध्यापकांस माझी विनंती एवढीच की, येत्या सत्रात पुढील परिषदेचे निमंत्रणपत्र छापण्यापूर्वी अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमवेत हा एक निबंध ओळीओळीने वाचावा, त्यातील प्रत्येक गृहीतावर त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, आणि त्यांतील जो प्रश्न आपल्या मागास वा रुग्णालयास लागू पडेल तो हाती घेऊन, उत्तर मिळाल्यावर, ते नकाराची शक्यता पत्करून एखाद्या खऱ्या परीक्षक-मंडळापुढे दाखल करावे.