जुनी डिझेल जीप : घरी काय करावे, हात कुठे आवरावा

रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गडावर जाणारा रोपवे १९९६ सालापासून इथूनच सुटतो आणि पाहुणे मंडळी काही मिनिटांत वर पोहोचतात. पण वाडीतल्या माणसाला भाताची पोती, खताच्या गोणी किंवा बाळंतपणाला अडलेली लेकीबाळी घेऊन महाड गाठायचे असेल, तर वीस-पंचवीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ताच धरावा लागतो. पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांचीही तीच तऱ्हा. अशा ठिकाणी चारही चाकांना ओढ असलेली जुनी डिझेल जीप ही चैनीची वस्तू नसते. ती घरातल्या बैलजोडीसारखीच असते आणि ऐन घाईच्या वेळी बसली की सारे घर खोळंबते.

शेतकरी बंधूंनो, अशी जीप बंद पडते तेव्हा बहुधा इंजिन मोडलेले नसते. डिझेल स्वच्छ आणि पुरेसे पोहोचत नाही, एवढेच झालेले असते. हा बिघाड निम्म्याहून अधिक आपल्या अंगणात, चार पाने आणि एक फडके घेऊन काढता येतो. उरलेला मात्र घरी काढू नये. ही सीमारेषा कुठे आहे, तेच या लेखात सांगायचे आहे.

गाडीची ओळख

आपल्या देशात जीपची जोडणी १९४७ साली महिंद्रांनी सुरू केली. त्या विलीज गाड्या पेट्रोलवर चालत. डिझेल जीपा पुढे आल्या. १९८५ साली आलेल्या एम.एम. ५४० या गाडीत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे, २,११२ घनसेंटिमीटरचे एक्स.डी.पी. ४.९० इंजिन होते. आता ही गाडी बनत नाही. पण जिथे ती किंवा तिच्या जातीची गाडी टिकून आहे, तिथे एक सोय आहे : डिझेलच्या सबंध वाटेत कॉम्प्युटर नाही. जे आहे ते डोळ्यांना दिसते आणि पान्याला लागते.

ही वाट अशी. टाकीतून डिझेल फीड पंपाने ओढले जाते. या पंपाला बहुधा हाताने दाबायचा छोटा पंप असतो. तिथून ते फिल्टरमध्ये, फिल्टरमधून इंजेक्शन पंपात आणि पंपातून चार पोलादी नळ्यांनी चार नोझलांकडे जाते. उरलेले डिझेल परतीच्या बारीक नळीने टाकीत येते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते, की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा पडताच तो पेटतो. त्यासाठी नोझल साधारण शंभर ते दीडशे बार दाबाला उघडते. काही इंजिनांत त्याहूनही जास्त. जीपच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास दाब असतो, यावरून अंदाज करावा. असे पंप जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ सालापासून मोठ्या संख्येने बनू लागले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली. २००८ पासून तिचे नाव बॉश झाले, तरी जुने फिटर अजून ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात.

पान्याला हात लावण्यापूर्वी

हा भाग घरातील सर्वांनी वाचावा.

पहिली गोष्ट : नोझलचा फवारा किंवा फुटक्या नळीची चिळकांडी हाताने कधीही तपासू नये. एवढ्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही फारसे नाही, पण आत मांस कुजू लागते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झालेच तर हळद-चुना लावत बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात तत्काळ जावे आणि ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

दुसरी गोष्ट : टाकीतले डिझेल तोंडाने नळी ओढून काढू नये. घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. चुकून पोटात गेलेच तर ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण ओकताना ते फुप्फुसात उतरते. सरळ दवाखाना गाठावा.

तिसरी गोष्ट : काम करताना गाडी सपाट जागी उभी करून न्यूट्रल करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत. विडी-काडी आणि पोरेबाळे दूर ठेवावीत.

गाडीने एअर धरली तर

टाकीत डिझेल कमी असताना चढ लागला, की डिझेल टाकीत एका बाजूला सरकते, ओढणारी नळी उघडी पडते आणि पंप डिझेलऐवजी हवा ओढतो. यालाच एअर धरली म्हणतात. हवा दबते, डिझेल दबत नाही. म्हणून नळीत हवा असली की पंप नुसताच हवा दाबत राहतो आणि नोझल उघडत नाही. घाटात राहणाऱ्याने टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये, एवढ्यानेच बरीच पायपीट वाचते.

टाकी भरलेली असूनही रोज सकाळी खूप सेल्फ मारावा लागत असेल, तर टाकी आणि फीड पंप यांच्यामधली जोडणी पाहावी. या भागात बाहेर डिझेल गळताना दिसेलच असे नाही, कारण इथे आतून ओढ असते आणि फटीतून हवा आत जाते. कडक झालेली रबरी नळी, ढिली क्लिप, दबलेले वायसर हे नेहमीचे चोर आहेत.

एअर काढण्याची रीत अशी :

१. इंजिन थंड असू द्यावे. फिल्टर, पंप आणि नळ्यांचे नट आधी फडक्याने स्वच्छ पुसावेत. ही पायरी गाळू नये.

२. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा. हातपंप मारत राहावे. आधी फेस येईल, मग अखंड धार येईल. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा.

३. इंजेक्शन पंपावर तसा स्क्रू असेल तर त्याचीही तशीच एअर काढावी. तो कोणता हे गाडीच्या पुस्तकात पाहून किंवा माहितगाराला विचारून घ्यावे. तारेने सील केलेला स्क्रू तो नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

४. तरीही गाडी लागली नाही, तर नोझलाकडचे नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून वर फडके टाकावे. एकाने दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारावा, दुसऱ्याने तोंड व हात दूर ठेवून पाहावे. नटांपाशी डिझेल दिसले की सेल्फ थांबवून नट आवळावेत. दोन वेळा सेल्फ मारण्यामध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही गमवाल.

५. हीटर प्लग असेल तर तो तापू द्यावा आणि मग गाडी सुरू करावी. सांडलेले डिझेल पुसून टाकावे.

पाणी हा खरा शत्रू

आपल्या भागातल्या पावसात डिझेलमध्ये पाणी येणे अवघड नाही. अर्ध्या टाकीच्या रिकाम्या जागेत दमट हवा असते, ती रात्री गार झाली की पाणी सुटते. उघडे पडलेले बॅरल आणि बूच नीट न लागणारी टाकी हीही कारणे आहेतच. पंपाच्या आतल्या दांड्याला आणि नोझलच्या सुईला वंगण असते ते डिझेलचेच. तिथली फट केसाच्या जाडीच्या दहाव्या हिस्स्याहून कमी असते. पाणी शिरले की तिथे गंज धरतो आणि हजारांचे काम निघते.

परीक्षा सोपी आहे. फिल्टरखालचा किंवा टाकीखालचा बूच सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे आणि रात्रभर ठेवावे. पाणी जड असल्याने तळाशी बसेल आणि रेघ स्पष्ट दिसेल. पाणी निघाले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढून टाकावे आणि फिल्टर बदलावा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये. धुतल्याने त्याची भोके मोठी होतात आणि घाण थेट पंपात जाते. काढलेले डिझेल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. बॅरलमधले डिझेल एक दिवस स्थिर राहू द्यावे आणि तळाचे चार बोटे सोडून वरचेच, गाळून घ्यावे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले, हे कोणी विसरलेले नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीला ‘सुरू होते का पाहू’ म्हणून सेल्फ मारू नये. सिलिंडरात पाणी असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढावी, मग माहितगार फिटर गाठावा.

नोझल : काढावे, पण खोलू नये

गाडी एका सिलिंडरावर अडखळत असेल, काळा धूर सोडत असेल, तर आधी एअर फिल्टर पाहावा. तो चोंदल्यानेही काळा धूर येतो. तो स्वच्छ असेल तर नोझलावर संशय घ्यावा. इंजिन मंद चालू ठेवून, लांब पान्याने एकेका नोझलाचा नट फडक्याखाली अर्धा फेरा सैल करावा. आवाज पडला तर ते सिलिंडर काम करत होते. आवाजात फरक पडला नाही तर दोष तिथे आहे. नट लगेच आवळावा.

असे नोझल होल्डरसकट काढून नेण्यास हरकत नाही. इंजिन बंद करून भोवतालची माती आधी झाडावी. नळ्यांची उघडी तोंडे प्लास्टिकच्या स्वच्छ तुकड्याने बांधावीत. कोणते नोझल कोणत्या सिलिंडराचे, ते चिठ्ठी बांधून लिहावे. तांब्याचे वायसर परत बसवताना नवे घालावे. नोझल तारेच्या ब्रशाने घासू नये. त्यातली सुई आणि तिचे घर एकमेकांसाठी घासून बसवलेले असते. एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही.

पुढचे काम पंप-नोझलवाल्याच्या टेस्ट बेंचचे. दाब किती, फवारा धुक्यासारखा पडतो की थेंब गळतात, हे तिथेच कळते. शक्य असल्यास आपण समोर उभे राहून पाहावे.

इथे हात आवरावा

इंजेक्शन पंपावरचे तारेचे सील तोडू नये. ‘एक आटा फिरवला की गाडी जोर धरते’ असे सांगणारे भेटतात. डिझेल जास्त पडते हे खरे, पण सोबत धूर वाढतो, इंजिन तापते आणि वेगाचा बंद सैल झाला तर गाडी आवरत नाही. पंप जागेवरून हलवल्यास टाइमिंगही बिघडते.

नव्या कॉमन रेलच्या पिकअपला तर यातला कोणताही उपाय करू नये. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. चालू इंजिनात नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

या हंगामात भात झोडून झाले, की एक सकाळ जीपला द्यावी. नळ्या आणि क्लिपा तपासाव्यात, फिल्टर बदलावा, तळाचे पाणी काढावे. एअर काढण्याची रीत घरातल्या आणखी एका माणसाला, मुलगा असो की सून, शेजारी उभे करून शिकवून ठेवावी. रात्रीअपरात्री दुखणेकरी महाडला न्यायचा असेल आणि तुम्ही घरी नसाल, तेव्हा ती उपयोगी पडेल.