तंबाखूच्या पानातील पाण्याचा हिशेब

एक गणित घालतो, तोंडीच सोडवा. शंभर किलो हिरव्या पानांत ८५ टक्के पाणी आहे. पाने सुकून पाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांवर आले. आता वजन किती? बहुतेक जण ८५ किलो म्हणतात. खरे उत्तर ५० किलो! कोरडा भाग १५ किलोच होता; तो आता ३० टक्के झाला. (श्वसनात थोडा कोरडा भागही खर्च होतो, तो येथे सोडून दिला आहे.) निम्मे वजन उडाले, तरी पान ओलेच.

आंध्र प्रदेशात व्हर्जिनिया तंबाखूची पाने काठ्यांना बांधून बंद कोठीत टांगतात. भट्टीचा धूर जमिनीलगतच्या लोखंडी नळ्यांतून जातो. पानांना लागते ती फक्त उष्णता. पाच-सहा दिवसांचे हे काम, पण शेतकऱ्याची वर्षाची मेहनत त्यावर टांगलेली असते.

गंमत अशी, की पहिले दीड-दोन दिवस पान सुकू द्यायचेच नसते! तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवा दमट ठेवतात. पान अजून जिवंत असते. त्यातील एन्झाइमे पिष्टाची साखर करतात, हरितद्रव्य मोडते आणि मुळात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. घाईने पाणी काढले तर पेशी आधीच मरतात आणि हिरवा रंग तसाच राहतो. फार रेंगाळले तर पान काळपटते.

मग तापमान हळूहळू ५० अंशांच्या पुढे नेतात. पाण्याने तट्ट फुगलेल्या पेशी आक्रसतात. शिरा मात्र तितक्या आक्रसत नाहीत, म्हणून पान चुरगळते, कडा आत वळतात. जाड मधली शीर सर्वांत हट्टी. आतले पाणी झिरपत पृष्ठभागापर्यंत येण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दहापट तर वेळ ढोबळमानाने शंभरपट! तिच्यासाठी शेवटी ७० अंशांपर्यंत जावे लागते.

एवढे सुकवलेले पान हाताळले तर चुरा होतो. म्हणून कोठी थंड करून दारे उघडतात. पान हवेतील थोडा ओलावा परत घेते आणि मऊ पडते.

प्रयोगाला तंबाखू नको. ओल्या पानांतील निकोटिन त्वचेतून शरीरात जाते. देशी बदामाची दहा पाने घ्या. रोज वजन करा, आलेखकागदावर बाह्यरेषा काढून चौकोन मोजा. वजन आणि क्षेत्रफळ एकाच प्रमाणात घटतात का?