यकृताचे पहारेकरी

मद्य आणि मांस यांना उंबरठाही ओलांडू न देणाऱ्या घरात यकृताचा विकार शिरणार नाही, अशी समजूत जैन समाजात रूढ आहे. त्यामुळे माकुणसार-सफाळ्यापासून पालघर-बोईसरपर्यंतच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द दिसले, की घरचे चकित होतात. परंतु हा विकार मद्याविनाही जडतो. दिवंगत डॉ. दीपक अमरापूरकर व सहकाऱ्यांनी मुंबईतील रेल्वे वसाहतींत केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत वीस वर्षांवरील सुमारे १९ टक्के व्यक्तींत मद्याशी संबंध नसलेले फॅटी लिव्हर आढळले होते.

यकृतात चरबी साठणे हा केवळ आरंभ होय. पुढील हानीत शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा असतो. आतड्यांकडून येणाऱ्या रक्तातील जंतू व त्यांचे अंश गिळून टाकणे, हे यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत वसलेल्या कुप्फर पेशींचे नित्यकर्म. त्या यकृताच्या पहारेकरीच. चरबीच्या भाराने यकृतपेशी मरू लागल्या, की या पेशी धोक्याची सूचना देणारी रसायने सोडतात आणि रक्तातील आणखी भक्षक पेशी तेथे धाव घेतात. एखादी जखम झाल्यास अशी सूज उपकारक ठरते व काही दिवसांत ओसरते. येथे मात्र कारण रोज नव्याने पुरवले जात असल्याने ती वर्षानुवर्षे धुमसत राहते. तिच्या चेतवणीने यकृतातील ताराकृती पेशी व्रणतंतू विणू लागतात. काहींच्या बाबतीत याची परिणती सिऱ्होसिसमध्ये होते.

या काळात बहुधा वेदना नसते. रक्तातील एसजीपीटीचे प्रमाणही कधी कधी सामान्य असते. म्हणून मधुमेह, लठ्ठपणा वा सुटलेले पोट असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करून घ्यावी. यकृताचा ताठरपणा फायब्रोस्कॅनने मोजता येतो. केंद्र शासनानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला.

दिवसभर गल्ल्यावरची बैठक, फरसाण, मिठाई आणि गोड चहा हे या विकाराचे खरे भांडवल. वजन पाच टक्क्यांनी घटले तरी यकृतातील चरबी कमी होते. सात ते दहा टक्क्यांनी घटल्यास सूजही निवळू लागते. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याचे ऊनोदरी तप आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन ही शिस्त समाजाच्या परंपरेत आहेच. तिला रोजच्या चालण्याची जोड हवी आणि उपवासाच्या पारण्याला मिठाईचा अतिरेक नको. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. कारण दूर झाले, की पहारेकरीही शांत होतात.