परसबागेतला वसंत आणि घरचे आरोग्य

होळी झाली की आपल्या चुडावा परिसरातले रानच बदलून जाते. बांधावरचा पळस लालकेशरी फुलतो, कडुलिंबाला कोवळी पालवी येते, आंब्याच्या मोहरात कैऱ्या धरू लागतात. आपल्याकडे वसंत थोड्या दिवसांचा. एप्रिल सरेपर्यंत पारा चाळिशीच्या पुढे जातो. म्हणूनच हे दिवस घरातल्या सर्वांनी सकाळच्या वेळी परसात घालवावेत, असे मी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना नेहमी सांगतो. चार वाफ्यांची परसबाग हा घरच्या घरी मिळणारा व्यायाम आहे आणि लेकीसुनांच्या अशक्तपणावरचा स्वस्त उपायही आहे.

आपल्या भागातील स्त्रिया व मुलांमध्ये रक्त कमी असणे ही फार मोठी तक्रार आहे. तांदुळजा, मेथी, शेवग्याचा पाला यांत लोह असते. पण पालेभाजीतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्यावर लिंबू पिळले की, त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे ते अधिक प्रमाणात शोषले जाते. उलट जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास शोषण घटते. तेव्हा परसात एक शेवगा, एक लिंबू आणि तांदुळज्याचा वाफा एवढे जरी असले तरी पुष्कळ झाले. भांडी विसळलेले पाणी त्यांना पुरते. मात्र पाण्याच्या टाक्या, रांजण आठवड्यातून एक दिवस कोरडे करावेत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.

पाडव्याला आपण कडुलिंबाची कोवळी पाने वा फुले गूळ, ओवा, चिंच, हिंग घालून खातो. प्रसादाएवढी चिमूटभर चटणी उत्तम. परंतु 'कडू तेवढे गुणकारी' असे समजून लहान बाळाला कडुलिंबाचे तेल कधीही पाजू नये. त्याने बाळाला झटके येऊन जिवावर बेतू शकते.

बाग आणि सण यांची ही जोड इतरत्रही दिसते. वसईच्या मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांत केळी, भाजीपाला व फुलांची वाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती हिरवी वसई वाचावी म्हणून चळवळ करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. या समाजाचा ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. २०२५ साली ३० मार्चला पाडवा, ३१ मार्चला रमजान ईद आणि २० एप्रिलला ईस्टर असे तिन्ही सण तीन आठवड्यांत आले होते.

ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, आणि सणाला नव्या जीवनाची खूण म्हणून रंगवलेली अंडी देण्याची प्रथा आहे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. जे अंडी खातात त्यांच्या वाढत्या मुलांना ती जरूर द्यावीत. मात्र उकडलेले अंडे या उन्हाळ्यात एका तासाहून अधिक वेळ उघड्यावर ठेवू नये. आणि उपवास कोणताही असो, चैत्रातला नवरात्राचा, रमजानचा किंवा ईस्टरपूर्वीचा, तो सोडताना एकदम तळलेले व गोड खाऊ नये. आधी पाणी, फळ, ताक घ्यावे आणि थोड्या वेळाने जेवावे. मधुमेह असलेल्यांनी उपवासापूर्वी आपल्या डॉक्टरांना गोळ्यांच्या वेळा विचाराव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. काळ्या जमिनीला उन्हाने भेगा पडू लागतात, आणि त्या भेगांत, दगडांखाली, सरपणाच्या ढिगात विंचू असतो. आपल्याकडचा लाल विंचू मुलांसाठी फार घातक. त्यावर प्रॅझोसिन ही गोळी जीव वाचवते, हे जालना जिल्ह्यातील देहेडचे सुपुत्र आणि महाडमध्ये सेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात जगाला दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संशोधनाचा फायदा मात्र रुग्ण वेळेवर पोहोचला तरच होतो.

विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छाती धडधडणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही दिसले तर ते गंभीर समजावे. मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहताच निघावे. चावलेली जागा कापू नये, करकचून बांधू नये, मंत्र उतरविण्यात वेळ दवडू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. साप चावला तरी हेच करावे. त्याची लस सरकारी दवाखान्यात मिळते.

हे सारे टाळणे मात्र आपल्याच हाती आहे. परसात पायात चप्पल नव्हे, बूट घालावा. दगड किंवा सरपण उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. चपला-बूट घालण्याआधी झटकावेत. रात्री परसात जाताना बॅटरी न्यावी. माती हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. गंजलेल्या खिळ्याने वा काट्याने जखम झाल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्यास टाळाटाळ करू नये. खुरपणी सकाळी नऊपर्यंत उरकावी आणि सोबत पाण्याचा तांब्या ठेवावा.

आजीने बी टोकावे, नातवाने पाणी घालावे, सुनेने पालेभाजी खुडावी आणि घरच्या कर्त्या पुरुषानेही कुदळ हाती घ्यावी. चैत्राची सकाळ अशी एकत्र गेली तर भाजी ताटात येईलच, पण माणसे एकमेकांशी चार शब्द बोलतील, हाही आरोग्याचाच भाग आहे.