चार अंकांचं शाकुंतल

१८८० सालची दिवाळी. ३१ ऑक्टोबर, रविवार. पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. कालिदासाचं नाटक सात अंकांचं, पण त्या रात्री पुणेकरांनी पाहिले ते चारच अंक. शकुंतला सासरी निघाली, कण्वांनी तिला निरोप दिला आणि पडदा पडला. दुष्यंतानं तिला भर दरबारात नाकारलं, कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी मिळाली, हेमकूटावर बापलेकांची भेट झाली, ते सगळं पुढच्या वर्षावर राहिलं. सातही अंकांचं शाकुंतल रंगमंचावर आलं ते १८८१ मध्ये.

मराठी संगीत रंगभूमीचा हा जन्मदिवस आपण पाठ करतो आणि 'पहिले चार अंक' एवढे शब्द घाईघाईनं उरकून पुढे जातो. मला मात्र त्या चार अंकांशी थांबावंसं वाटतं. नाटक लिहून पुरं झालेलं नाही, सरकारी नोकरी चालू आहे, गळ्यानं गाणारी माणसं नुकतीच जमली आहेत, आणि तरी पडदा वर जातो. किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली ती अशी, अपुऱ्या नाटकावर.

हे नाटक लिहिणारे अण्णासाहेब म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. त्यांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. मराठी नाटक आणि अण्णासाहेब एकाच वयाचे. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, अशा मुलखात हा मुलगा वाढला, आणि त्या मुलखाची गाणी कानांत घेऊनच तो पुढे आला. शिकायला धारवाड, कोल्हापूर, पुणे अशी गावं झाली, पण पुण्यात अभ्यासापेक्षा नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांतच पाय जास्त वळले. मंडळ्यांना पदं करून द्यायची, तालमी बघायच्या, हाच खरा अभ्यास. पुढे बेळगावला शिक्षक असताना १८६६ मध्ये त्यांनी 'भरतशास्त्रोत्तेजक मंडळी' काढली. त्यांच्या तिथल्या विद्यार्थ्यांत एक गोविंद बल्लाळ देवल होता. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल. १८७३ मध्ये अण्णासाहेबांनी 'शांकरदिग्जय' हे गद्य नाटक लिहिलं. मग पोलीस खात्यात नोकरी झाली आणि त्यानंतर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत. शाकुंतलाच्या वेळी त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. त्या काळाच्या मानानं हे काही नवा उद्योग काढायचं वय नव्हे.

त्या वेळची रंगभूमी कशी होती? एकीकडे भाव्यांच्या वळणाच्या मंडळ्या होत्या: सांगलीकर, इचलकरंजीकर आणि इतर. त्यांच्या खेळात आधी गणपती येई, मग मोरावर बसून सरस्वती, मग आख्यान. आख्यानाची पदं सूत्रधार म्हणे, आणि पात्रं त्या पदांच्या आधारानं आयत्या वेळी सुचेल ते बोलत. राक्षस आरोळ्या ठोकत आले की पोरंबाळं आईच्या कुशीत शिरत. त्या आरोळीवरूनच या नाटकांना 'अलल्डुर्र' नाव पडलं. दुसरीकडे कॉलेजात शिकलेल्यांची 'बुकिश' नाटकं. ती लिहिलेल्या संहितेची, बहुतेक संस्कृतातून किंवा इंग्रजीतून उतरवलेली, पाठ करून गद्यात बोलायची. अलल्डुर्रमध्ये गाणं होतं पण बांधलेली संहिता नव्हती, बुकिशमध्ये संहिता होती पण गाणं नव्हतं. तिसरीकडे मुंबईच्या पारशी कंपन्या. त्यांच्याकडे रंगवलेले पडदे, झगमगीत पोशाख आणि गाणारी पात्रं होती.

अशाच एका पारशी कंपनीचा 'इंद्रसभा'चा खेळ १८८० मध्ये अण्णासाहेबांनी पुण्यात पाहिला. लखनौच्या अमानतचं हे उर्दू नाटक तोवर देशभर फिरलेलं होतं. तिथे राजा गात होता, परी गात होती, ज्याची कथा तोच ती गळ्यातून सांगत होता. असं मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांनी मनात धरला तो तिथे. मराठीत गाणारं नाटक त्याआधी झालंच नव्हतं असं नाही. सोकर बापूजी त्रिलोकेकरांचं 'नल-दमयंती' १८७९ चं आहे आणि त्यांचा मान त्यांना द्यायलाच हवा. पण त्रिलोकेकरांच्या नाटकामागे पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी मंडळी उभी राहिली नाही. अण्णासाहेबांनी नाटकाबरोबर माणसंही जमवली.

आणि माणसं निवडली ती गळा बघून. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले, बाळकोबा नाटेकर कण्व, शंकरराव मुजुमदार शकुंतला. स्त्रियांची कामं अर्थातच पुरुषच करत. त्या वर्षीच्या दसऱ्याला तांबेकरांच्या वाड्यात चार मंडळींसमोर पहिल्या अंकाची तालीम झाली. दसऱ्याला तालीम आणि दिवाळीत प्रयोग. मधले अडीच-तीन आठवडे त्या माणसांनी कसे काढले असतील, याचा विचार करताना माझा जीव आजही वरखाली होतो. दिवसभर कचेरीत कागद खरडायचे, संध्याकाळी पुढचा प्रवेश लिहायचा, रात्री तो गाऊन बसवायचा.

शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदं आहेत. आजच्या माणसाला हा आकडा ऐकून धसका बसतो. आपल्याला नाट्यपद म्हटलं की वीस-वीस मिनिटं रंगणारी, वन्समोअर घेणारी चीज आठवते. तशी दोनशे पदं म्हटली तर नाटक आठवडाभर संपायचं नाही. पण किर्लोस्करी पद तसं नव्हतंच. त्यातली कितीतरी पदं साकी, दिंडी, अंजनीगीत, कामदा अशा घाटांत बांधलेली आहेत. दिंडी घ्या. एका ओळीत १९ मात्रा, आधी ९, मग १०. ती म्हणताना पहिल्या तुकड्यानंतर अर्धा श्वास मिळतो आणि दुसरा तुकडा आपोआप उतरणीला लागतो. साकीची ओळ लांब, १६ आणि १२ मिळून २८ मात्रांची. तिच्यात एखादी हकीकत सांगून होते. अंजनीगीतात तीन सारख्या ओळी आणि चौथी आखूड. ही चौथी ओळ येते तेव्हा बोलणारा माणूस मध्येच गप्प झाल्यासारखा वाटतो. विरहाला, संकोचाला, मनातलं अर्धवट ओठांवर येण्याला यापेक्षा सोयीचा घाट सापडणार नाही. ही पदं बोलण्याच्या वेगानं म्हणता येतात. पात्र बोलता बोलता गाण्यात शिरतं आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर येतं, आणि कथा कुठेही खोळंबत नाही.

शिवाय हे घाट समोर बसलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे होते. साकी-दिंडी देवळातल्या कीर्तनात ऐकलेल्या, ओव्या घरच्या जात्यावरच्या, लावणीच्या चाली तमाशाच्या फडावरच्या. त्यांच्या जोडीला कर्नाटकातल्या गाण्यांच्या चाली आल्या, गुर्लहोसूरच्या माणसानं बालपणापासून मनात जपलेल्या. रागदारी आली, पारशी नाटकाची लकबही आली. नाटक नवं, ते मांडायची रीत नवी, पण कानाला प्रत्येक वळण ऐकल्यासारखं वाटे. युरोपातल्या ऑपेराशी या नाटकांची तुलना अनेकदा होते. मला ती अर्धीच पटते. ऑपेरात सगळंच गायचं असतं, इथे बोलणं आणि गाणं एकाच घरात राहतात. आणि ऑपेराची स्वररचना संगीतकार नव्यानं करतो. इथे नाटककारानंच लोकांच्या कंठातल्या चाली उचलून त्यांत आपले शब्द बसवले. किर्लोस्कर मंडळी इतक्या लवकर लोकांची झाली याचं मुख्य कारण मला हेच दिसतं.

दुसरं कारण भाऊराव कोल्हटकर. बडोद्याचा हा एकोणीस वर्षांचा मुलगा १८८२ मध्ये मंडळीत आला. रूप देखणं, आवाज उंच पट्टीतला, तान फेकली की शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख पोचणारी. तो येताच मंडळीला नायिका मिळाली, आणि अण्णासाहेबांनी पुढचं नाटक लिहिलं तेही नायिकेच्या नावाचंच.

'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्याच्या पूर्णानंद नाट्यगृहात झाले. दिवाळी नुकतीच सरली होती, तुळशीची लग्नं तोंडावर आली होती, आणि रंगमंचावरही एका लग्नाचीच गडबड होती. पाचही अंक पुरे झाले ते १८८३ मध्ये. पुन्हा तेच, आधी अपुरं नाटक आणि मग पुरं. भाऊराव सुभद्रा, मोरोबा अर्जुन, आणि बलरामाच्या भूमिकेत स्वतः अण्णासाहेब.

शाकुंतल कालिदासाचं, सौभद्र मात्र अण्णासाहेबांचं स्वतःचं. कथा महाभारतातली. बलरामदादाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनावर आहे, आणि धाकटा कृष्ण वरवर दादाच्या हो ला हो म्हणत आतून सगळी सूत्रं हलवतो. अर्जुन संन्याशाच्या वेषात घरातच येऊन राहतो आणि सुभद्रा त्याची सेवा करते. हे सगळं द्वारकेत घडतं म्हणायचं, पण ते घर चौसोपी वाड्यासारखं आहे. तापट थोरला भाऊ, सगळं जाणून हसणारा धाकटा, समजूतदार वहिनी, लग्नावाचून अडून बसलेली बहीण. देवांच्या गोष्टीतून आपल्या घरातली माणसं दाखवण्याचं हे कसब अण्णासाहेबांचं, आणि म्हणूनच सव्वाशेहून अधिक वर्षं सौभद्र जुनं होत नाही.

काही वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका जत्रेत मी सौभद्र पाहिलं. देवळासमोर मांडव, मांडवात गावातल्याच माणसांचं नाटक, साथीला पेटी आणि तबला. नाटक सुरू व्हायला मध्यरात्र उलटली होती. पहाटे तीनच्या सुमाराला बलरामाचं काम करणारा माणूस आत गेला आणि विंगेत स्टुलावर बसून चहा पिऊ लागला. मी कडेला बसलो होतो, तिथून तो दिसत होता. रंगमंचावर सुभद्रा एक पद म्हणत होती. त्याचं त्या प्रवेशात काही काम नव्हतं, तरी कप ओठांपाशी तसाच धरून तो प्रत्येक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत होता. माझ्या पुढे चटईवर एक म्हातारी पाय पसरून बसली होती. तीही म्हणत होती. पद संपलं तेव्हा टाळ्यांआधी तिनं शेजारणीला सांगितलं, आमच्या वेळी हे आणखी सावकाश म्हणायचे. किर्लोस्करांची संहिता कुठल्या ग्रंथालयात असेल ती असो, मला ती त्या मांडवात भेटली.

किर्लोस्कर मंडळी गावोगाव मुक्काम करत हिंडू लागली. दोन नाटकं हाताशी, भाऊरावांचा गळा, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा एक माणूस. तिसरं नाटक 'रामराज्यवियोग'. त्याचे पहिले तीन अंक १८८४ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांतच रंगमंचावर आले. भाऊरावांनी यात मंथरा केली. शकुंतला-सुभद्रेच्या लावण्यावर लोक लुब्ध असताना त्याच नटाला कुबड्या, कपटी दासीचं काम देणं आणि त्यानं ते घेणं, यात मंडळी किती कसलेली झाली होती ते दिसतं. गळ्यावर जमवलेली माणसं चार वर्षांत नट झाली होती.

नेहमीप्रमाणे पुढचे अंक मागाहून यायचे होते. ते आले नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, दिवाळी चार-पाच दिवसांवर आली असताना, अण्णासाहेब गेले. वय ४२. 'रामराज्यवियोग' तीन अंकांवरच राहिलं.

पाच वर्षांत दोन पुरी नाटकं आणि एक अपुरं, एवढीच त्यांची संगीत नाटकं. मालक गेला की मंडळी फुटायची, हा त्या काळचा रिवाज. दागिने, पडदे वाटून घ्यायचे आणि ज्यानं त्यानं आपल्या वाटेनं जायचं. किर्लोस्कर मंडळी फुटली नाही. भाऊरावांनी आणि भागीदारांनी ती चालू ठेवली. शंकरराव मुजुमदारांनी पुढे अण्णासाहेबांचं चरित्र लिहिलं, म्हणून त्या पहिल्या दिवसांबद्दल आपल्याला इतकं तरी ठाऊक आहे.

आणि बेळगावच्या वर्गातला तो विद्यार्थी, देवल, आता नाटककार आणि तालीममास्तर झाला होता. गुरूनं संस्कृत नाटक मराठीत आणलं तसंच त्यानंही आणलं, शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. मग त्यानं पुराण आणि संस्कृत दोन्ही बाजूला ठेवली. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला किर्लोस्कर मंडळीनं 'संगीत शारदा' केलं. त्यात राजा नाही, ऋषी नाही, देव नाही. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी एक गरीब घरातली मुलगी आहे, आणि ती आपल्या मनातलं गाऊन सांगते.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९०१ मध्ये, भाऊराव गेले, तेही चाळिशीच्या आतच. मंडळीचे दिवस पुन्हा कठीण आले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत दाखल झाला, आणि मिरजेच्या मुक्कामात त्याला पहिली भूमिका मिळाली ती शकुंतलेची.