डबीतला रंग, आपला रंग

गॅदरिंग आलं, की आमच्या शाळेत फाउंडेशनची एक डबी फिरते. डबी एक, चेहरे तीस! गेल्या वर्षी नाचातली एक सावळी मुलगी स्टेजवर चक्क राखाडी दिसली. विंगेत येऊन रडली. चूक तिच्या रंगाची नव्हती; डबी मीच आणली होती.

मुलांनो, या डबीत असतं काय? पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, आणि लाल, पिवळ्या, काळ्यासाठी आयर्न ऑक्साइड. म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊबंद! पांढरं जास्त झालं, की सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं.

म्हणून रंग मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून दिवसाउजेडी बघायचा. त्वचेत मिसळून दिसेनासा होईल, तो तुमचा. आदल्या दिवशी कानामागे ठिपका लावा. खाज सुटली, तर ती डबी नकोच.

आणि आईबाबा, महागडी बाटली कशाला? घामानं, तेलानं मेकअप ओघळतो. तोंड धुऊन, कोरडं करून पातळ थर द्या, वर पावडर दाबा. नाटक संपेपर्यंत टिकतो.

यंदा आम्ही एक उजळ, एक गडद अशा दोन स्वस्त बाटल्या आणल्यात. बशीत ज्याच्या त्याच्या रंगाचं मिश्रण करतो. स्पंज मात्र प्रत्येकानं घरून आणायचा!